पंख कापण्याआधी हे करून बघा

प्रश्न: मुलुंडच्या एक वाचक लिहितात: आमच्या वन बीएचकेमध्ये मी, नवरा, चौथीतली मुलगी आणि 68 वर्षांच्या सासूबाई राहतो. दोन वर्षांपासून आमच्याकडे सन कॉन्युर हा परदेशी पोपट आहे, त्याला हापूस म्हणू. संध्याकाळी सातनंतर तो हॉलमध्ये मोकळा असतो. गेल्या काही महिन्यांपासून तो उडून थेट सासूबाईंच्या डोक्यावर उतरतो, कानातली कुडी ओढतो, कानाची पाळी चावतो. दोनदा रक्त आलं. त्या ओरडतात, मुलगी हसते, मग मी सूर्यफुलाच्या बिया दाखवून त्याला खाली घेते. सकाळी ऑफिसला निघताना पिंजऱ्यात ठेवायला गेलं की तो नवऱ्याच्या बोटाला चावतो. माझ्या खांद्यावर शांत असतो, पण दुसरं कुणी जवळ आलं की मलाच चावतो. ज्यांच्याकडून पक्षी घेतला ते म्हणतात पंख कापा, शेजारी म्हणतात चोचीवर टिचकी मारा. सासूबाई म्हणतात, आम्हीच त्याला डोक्यावर चढवून ठेवलाय. हल्ली त्या संध्याकाळभर बेडरूमचं दार लावून बसतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. पंख कापावेत का? की त्याला कुणाला तरी देऊन टाकावं?

उत्तर: तुमच्या पत्रात दोन तक्रारी आहेत. हापूस नको तिथे उतरतो, आणि तो चावतो. दोन्हींची कारणं वेगळी, त्यामुळे उपायही वेगळे. पंख कापले की दोन्ही एकदम मिटतील असं तुम्हाला सांगितलं गेलंय, म्हणून आधी त्याबद्दल.

पंख कापल्याने, म्हणजे पंखांची पिसं छाटल्याने, पोपटाचं चावणं थांबत नाही, बऱ्याचदा वाढतं. नको असलेला हात जवळ आला की त्याच्याकडे दोनच वाटा असतात: उडून लांब जायचं, नाहीतर चोच मारायची. उडायची वाट आपण कात्रीने बंद केली की चोच तेवढी उरते. शिवाय उडण्याची सवय असलेला पक्षी पंख कापल्यावरही झेप घेतोच आणि फरशीवर छातीवर आपटतो. उगवत्या पिसाच्या देठात रक्त असतं, ते चुकून कापलं गेलं तर रक्त लवकर थांबत नाही. पुढच्या पिसगळतीनंतर पंख पुन्हा येतात आणि तुम्ही परत मूळ जागी. सगळ्यात मोठा धोका म्हणजे घरातल्यांचा गैरसमज, की आता खिडकी उघडी राहिली तरी चालेल. अर्धवट पंखांचा कॉन्युरही वाऱ्यावर चौथ्या मजल्यावरून समोरच्या इमारतीपलीकडे जातो, आणि मुंबईत बाहेर कावळे आणि घारी असतात. पंख राहू द्या. खिडक्यांच्या ग्रिलला बारीक जाळी लावून घ्या आणि हापूस बाहेर असेपर्यंत पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी लावून ठेवा. उकडतंय म्हणून सवयीने पंखा लावला जातो आणि पक्षी दगावतो. अशा घटना या शहरात खरोखर होतात.

आता उतरण्याबद्दल. हापूस सासूबाईंवर डूख धरून आहे असं तुम्हाला आणि त्यांनाही वाटतंय. तुमच्या हॉलकडे जरा त्याच्या नजरेने बघा. उतरायला जागा कुठल्या आहेत? पडद्याचा गुळगुळीत रॉड, टीव्हीची कड, फ्रिजचा माथा आणि माणसांची डोकी. यातल्या डोक्यावरच नखं रुततात. घरातली बाकीची माणसं ये-जा करत असतात, सासूबाई सोफ्यावर एका जागी बसतात. उंच, स्थिर, पकड देणारी जागा म्हणून पक्षी त्यांना निवडतो. डोक्यावर मागून हात घालून धरणंही कुणाला सहज जमत नाही, हेही त्याच्या पथ्यावर पडतं. शेजारी कुडी चमकत असते, ती चोचीने तपासली की सासूबाई किंचाळतात, नात हसते, सून धावत येते आणि शेवटी सूर्यफुलाची बी मिळते. घरात यापेक्षा चांगला मोबदला दुसऱ्या कुठल्या गोष्टीला मिळतो? बिया दाखवून उतरवणं हे तुम्ही त्यांच्या काळजीपोटीच केलंत, पण दर वेळी त्याने डोक्यावर उतरण्याचाच धडा पक्का झाला.

म्हणून ‘डोक्यावर कसा बसू देऊ नये’ हे तूर्त बाजूला ठेवा आणि त्याला बसायची जागा द्या. दोन स्टँड लागतील. पेरूची फांदी सालीसकट घ्या, फूट-सव्वा फूट लांब, पाऊण ते एक इंच जाड, कीटकनाशक न मारलेल्या झाडाची. गरम पाण्याने घासून दिवसभर उन्हात वाळवा. जुन्या बादलीत वाळू-सिमेंट भरून त्यात उभा पाइप रोवा आणि वर ही फांदी आडवी बसवा. नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचेच घ्या, जस्ताचा मुलामा असलेले नकोत. चोचीने कुरतडून जस्त पोटात गेलं तर विषबाधा होते. उंची साडेचार फूट ठेवा, म्हणजे सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या डोक्यापेक्षा वर आणि तुमच्या नजरेपेक्षा खाली. स्टँड हाताने हलवून बघा. डगमगला तर पक्षी त्याच्यावर पुन्हा बसणार नाही, आणि महागडे स्टँड घरात नुसते पडून राहतात ते बहुधा याच कारणाने. गुळगुळीत पीव्हीसी पाइपवर उतरायला लावू नका. सुती दोरी गुंडाळण्याचा सल्ला मिळेल, पण सुटलेले धागे गिळले की ते गळ्याच्या पिशवीत अडकतात.

शिकवायला कुल्फीची एक काडी पुरते. सुरुवात पिंजऱ्याच्या जाळीतून करा. काडीचं टोक चोचीपासून दोन इंचांवर धरा. त्याने टोकाला चोच लावली की त्याच क्षणी ‘शाब्बास’ म्हणा आणि लगेच खाऊ द्या. खाऊ अगदी छोटा हवा: सूर्यफुलाची अर्धी बी, राळ्याचे चार-पाच दाणे किंवा डाळिंबाचा एक दाणा. सूर्यफूल रोजच्या वाटीतून पूर्ण काढून टाका, ते फक्त शिकवताना मिळालं पाहिजे. उपाशी मात्र ठेवू नका. नेहमीच्या जेवणाआधीची वेळ निवडली की पुरे. एका वेळी तीन-चार मिनिटं, दिवसातून दोनदा. त्याला अजून हवं असतानाच थांबा. (पावसाळ्यात शेंगदाणे खाऊ म्हणून वापरू नका. दमट हवेत त्यांच्यावर धरणारी बुरशी पोपटाच्या यकृताला घातक असते आणि ती डोळ्यांना दिसतेच असं नाही.)

काडीमागे तो जाऊ लागला की तिच्याच मदतीने त्याला स्टँडवर न्या आणि तिथे नुसतं बसून राहण्याबद्दल खाऊ द्या. आधी दोन सेकंद, मग पाच, मग दहा. सोबत ‘जागेवर’ हा एकच शब्द, घरातल्या सगळ्यांनी तोच वापरायचा. मग दोन स्टँड हातभर अंतरावर ठेवून एकावरून दुसऱ्यावर उडी. जमलं की तीन फूट, नंतर हॉलच्या दोन टोकांना. लागोपाठ दोनदा चुकलं तर अंतर कमी करा. सगळ्यांची घाई इथेच होते: दोन फुटांवर जमलं म्हणून लगेच दहा फुटांवर स्टँड ठेवतात, पक्षी वाटेत वळतो आणि सवयीच्या डोक्यावर जाऊन बसतो.

हातावर बोलवायचं ते यानंतर. बोट पुढे करू नका. मूठ बंद, अंगठा आत, कोपरापासूनचा हात छातीसमोर आडवा आणि स्थिर. ‘ये’ एकदाच म्हणा. पाच सेकंदांत आला नाही तर हात शांतपणे खाली घ्या, पुन्हा पुन्हा हाका मारल्या तर त्या शब्दाची किंमत जाते. बोलावल्यावर आला तर खाऊ आणि कौतुक. न बोलावता आला तर काहीच नाही, मुकाट्याने स्टँडवर सोडा.

तरीही तो डोक्यावर बसेलच, तेव्हा काय करायचं हे घरात आधी ठरवून ठेवा. ज्याच्या डोक्यावर बसला त्याने हात वर न्यायचे नाहीत, मान झटकायची नाही, बोलायचं नाही. उठता येत असेल तर स्टँडपाशी जाऊन इतकं वाका की फांदी त्याच्या पायांपेक्षा थोडी वर येईल; तो आपणहून चढतो. सासूबाईंना चटकन उठणं जमणार नसेल तर दुसऱ्या कुणीतरी फूटभर लांब दांडी समोरून, त्याच्या पायांच्या वर पोटाला लागेल अशी धरायची. मागून कधीच नाही. स्टँडवर गेल्यावर लगेच खाऊ देऊ नका, नाहीतर ‘डोक्यावर बस, मग स्टँडवर खाऊ मिळतो’ अशी साखळी तयार होते. काही क्षण थांबा, काडीला चोच लावून घ्या, मग खाऊ.

पहिले काही दिवस प्रकार वाढेल. नेहमीचा मोबदला मिळेनासा झाला की तो आधी जास्त जोर लावून बघतो, आणि नेमकं तेव्हाच घरातली माणसं ‘काही उपयोग नाही’ म्हणून बिया दाखवतात. म्हणून सुरुवातीचे दोन-तीन आठवडे हापूसच्या मोकळ्या वेळेत सासूबाई हॉलमध्ये नसलेल्याच बऱ्या. पण दार लावून त्यांनी बसायचं नाही. हॉल त्यांचा आहे. वेळ हापूसने बदलायची. साडेसहा ते सव्वासात त्याचं उडणं, त्या वेळात सासूबाई खाली फेरी मारायला गेलेल्या असतील किंवा देवळात. त्या परतल्या की तो पिंजऱ्यात आणि टीव्हीसमोरची जागा त्यांची.

आता चावण्याकडे येऊ. ‘अचानक चावला’ असं बहुतेक पत्रांत असतं. कॉन्युर अचानक क्वचितच चावतो. आधीचे दोन-तीन सेकंद त्याच्याकडे निरखून बघा. डोळ्याची बाहुली भराभर लहान-मोठी होते. मानेमागची पिसं उभी राहतात, शेपटी पंख्यासारखी पसरते. किंवा उलट, सगळी पिसं अंगाला चिकटतात, तो बारीक दिसू लागतो आणि जागच्या जागी थिजतो. अंग तुमच्या विरुद्ध बाजूला झुकतं. यातलं एकही दिसलं तरी हात तिथेच थांबवायचा. तो खांद्यावर असताना यातलं काहीच तुम्हाला दिसत नाही, कारण तो तुमच्या कानाशी असतो. तुमच्याजवळ कुणी आलं की तो तुम्हालाच चावतो, त्याला ‘माझ्यावर फार जीव आहे म्हणून’ असं समजू नका. त्याला येणाऱ्या माणसाला लांब ठेवायचं असतं आणि चोचीच्या टप्प्यात तुमचा कान असतो. तूर्त खांदा बंद. घरात कुणी असेल तेव्हा त्याची जागा स्टँड.

नवऱ्याच्या बोटाबद्दल एक शक्यता तपासा. पोपट बोटावर चढताना आधी चोच टेकवतो. ही फांदी माझं वजन पेलेल का, याची ती चाचपणी असते, चावा नव्हे. घाबरलेला माणूस नेमका तेव्हा हात मागे घेतो, पक्ष्याचा तोल जातो, आणि पुढच्या वेळी तो घट्ट धरतो. मग ते रक्त येईपर्यंत जातं. नवऱ्याला सध्या बोटाऐवजी दांडीच वापरू द्या. दांडी हलत नाही, त्यामुळे दोघांचाही धीर वाढतो.

सकाळच्या भांडणाचं मूळ मात्र घड्याळात आहे. लोकल पकडायची घाई, त्यात हात आला की मजा संपली आणि दिवसभर पिंजरा, हे त्याने ओळखलंय. पिंजऱ्यात जाणं आणि एकटं पडणं यांची जोडी तोडावी लागेल. सुट्टीच्या दिवशी त्याला आत न्या, आतल्या वाटीत खाऊ द्या, दार उघडंच ठेवा, परत बाहेर येऊ द्या. असं बऱ्याच वेळा झालं की आत जाणं साधी गोष्ट होते. कामाच्या दिवशी निघण्याच्या वीस मिनिटं आधीच त्याला आत घ्या आणि सकाळची ताजी वाटी, भिजवलेली मोडाची कडधान्यं, कोथिंबिरीची काडी, जे त्याला आवडतं ते आतच ठेवा. दार लावल्यावर लगेच निघू नका, पाचेक मिनिटं घरात वावरा.

चावलाच तर हात झटकू नका, ओरडू नका. जवळच्या सपाट जागेवर त्याला शांतपणे ठेवा, पाठ फिरवा, दहा सेकंदांनी आपल्या कामाला लागा. शिक्षा म्हणून पिंजऱ्यात टाकू नका, नाहीतर वरची सगळी मेहनत वाया जाईल. चोचीवर टिचकी, तोंडावर फुंकर, पाण्याचा फवारा, हात हलवून तोल घालवणं, यातल्या प्रत्येक उपायाने एकच गोष्ट पक्की होते: हात म्हणजे धोका. जाड मोज्यांचंही तेच. मोजे घातलेल्या हाताला तो घाबरायला लागतो आणि आपल्याला त्याचे इशारे बघण्याची गरज उरत नाही.

एका वहीत दोन आठवडे चार रकाने भरा: वेळ, जागा, चावण्याच्या लगेच आधी काय झालं, लगेच नंतर काय मिळालं. ‘मूड खराब होता’ असं लिहायचं नाही, डोळ्यांना दिसलं तेवढंच. सातव्या-आठव्या नोंदीपर्यंत बहुधा कारण समोर येतं.

वय दोन वर्षं, आणि काही महिन्यांपासून वागणं बदललंय. सन कॉन्युर साधारण याच सुमाराला वयात येतो. तेव्हा पाठीवरून, पंखांखालून, शेपटीकडे हात फिरवणं बंद करा. डोकं आणि मान एवढंच कुरवाळा. कपाटामागची फट, सोफ्याखालचा अंधार, पिंजऱ्यातला कापडी तंबू, अशा घरट्यासारख्या जागा बंद करा. झोप 10 ते 12 तास हवी. पिंजरा हॉलमध्ये असेल आणि टीव्ही अकरापर्यंत चालत असेल तर हापूस रोज झोपेवाचून राहतोय आणि चिडका होतोय. रात्रीपुरता छोटा पिंजरा बेडरूममध्ये ठेवा, आठला पडदा. सन कॉन्युरमध्ये नर-मादी नुसतं बघून कळत नाही, पिसाच्या किंवा रक्ताच्या डीएनए तपासणीतून कळतं. मादी असेल तर जोडीदार नसतानाही अंडी घालू शकते. पिंजऱ्याच्या तळाशी फुगून बसली आणि जोर लावताना दिसली तर उद्यावर न ढकलता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

शिकवायला लागण्याआधीही एकदा तपासणी करून घ्या, कारण दुखणं असलेला पक्षीही चावतो. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट, म्हणजे आपलं बैलघोडा हॉस्पिटल, किंवा पक्षी बघणारा जवळचा पशुवैद्य चालेल. नेहमीचा कुत्र्या-मांजरांचा डॉक्टर पोपट बघतोच असं नाही, फोनवर विचारून जा. घरी डिजिटल किचन काटा ठेवा आणि आठवड्यातून एकदा सकाळी, खाण्याआधी वजन लिहा. सन कॉन्युर साधारण 100 ते 120 ग्रॅमचा असतो. त्याच्या नेहमीच्या वजनात दहा टक्के घट दिसली की वागण्याची चर्चा बाजूला, आधी डॉक्टर.

सासूबाईंना त्याला हातावर घ्यायला लावू नका, आत्ताही नाही आणि पुढेही त्यांची इच्छा नसेल तर नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून, हापूस पिंजऱ्यात असताना, त्यांनी जाता-येता वाटीत एक सूर्यफुलाची बी टाकावी आणि न थांबता पुढे जावं. तेव्हापासून सूर्यफूल घरात दुसऱ्या कुणी द्यायचं नाही, शिकवताना राळे किंवा डाळिंब वापरा. तो त्यांना बघून मान पुढे काढून, पिसं सैल सोडून वाट बघू लागला की स्टँडवर असताना तेच करा, तुम्ही शेजारी उभ्या राहून. कुड्या त्या वेळी काढून ठेवलेल्या बऱ्या, मंगळसूत्र पदराखाली. चोचीला मणी दिसला की तो ओढणारच. मुलीला एवढंच सांगा की हापूसच्या चोचीजवळ चेहरा न्यायचा नाही, आणि तो कुणाच्या डोक्यावर बसला तर हसायचं नाही. तिला काडीचं शिकवणं जरूर करू द्या, मुलांचा हात त्यात छान बसतो.

सासूबाईंच्या कानाची जखम साबण आणि वाहत्या पाण्याने नीट धुवा. रेबीज सस्तन प्राण्यांकडून होतो, पक्ष्याच्या चाव्याने नाही, त्याची भीती नको. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल मात्र डॉक्टरांना विचारा. त्यांना पुढे कधी लांबलेला ताप आणि कोरडा खोकला झाला तर घरात पोपट आहे हे डॉक्टरांना आठवणीने सांगा.

राहिला देऊन टाकण्याचा प्रश्न. वरचं सगळं दोन-तीन महिने मनापासून करूनही सासूबाईंना घरात सुरक्षित वाटत नसेल, तर पोपट ठेवण्याचा अनुभव असलेल्या चांगल्या घरात त्याला देणं हा वाईट निर्णय नाही, आणि त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. फक्त ‘मोकळा सोडू’ हा विचार मनात आणू नका. हा पक्षी दक्षिण अमेरिकेतला, मुलुंडच्या झाडावर तो तग धरणार नाही. सन कॉन्युरची नोंद केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते, आणि दुसऱ्याला देताना तेही कळवावं लागतं. नोंद केली नसेल तर आधी ते काम करा. आणि हे वाचणाऱ्या ज्यांच्या घरी आपला हिरवा, गळ्यात कंठी असलेला पोपट आहे त्यांच्यासाठी: तो 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, त्याला घरी पाळताच येत नाही. त्याला खिडकीतून सोडू नका, वन विभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर फोन करून त्यांच्या ताब्यात द्या.